बाटल्यांच्या फ्रिजमधला हिवाळा

आज सकाळी आईंनी पंखा पाचवरून दोनवर आणला आणि कपाटातून गोधडी काढली. वर्तकनगरात थंडी आल्याची एवढीच खूण. येऊरच्या डोंगराकडून पहाटे थोडा गार वारा येतो, फिरायला जाणारे आजोबा कानटोप्या चढवतात आणि अकरा वाजेपर्यंत त्याच कानटोप्या त्यांच्या खिशातून लोंबत असतात. एवढ्याशा थंडीने कुणाच्या छातीत धडधडायचं काही कारण नाही. माझ्या मात्र धडधडतं. मी चहा गाळत होते तेवढ्यात आतल्या खोलीतून पप्पांनी विचारलं, "प्रज्ञा, खाणं बंद केलंस का गं त्यांचं?"

"कालपासून, पप्पा."

"मग मी फ्रिजच्या कंडेन्सरची धूळ काढून घेतो."

पप्पा म्हणजे माझे सासरे, आई म्हणजे सासूबाई. आणि 'ते' म्हणजे जास्वंद आणि पट्टू, आमच्या घरातले दोन मिल्क स्नेक. दरवर्षी या दिवसांत आमच्या घरी हिवाळा तयार करायचं काम सुरू होतं. बाहेरचा हिवाळा त्यांना पुरत नाही, म्हणून. आणि दरवर्षी या दिवसांत मला तो पहिला हिवाळा आठवतो, ज्यात आम्हा दोघांपैकी एकालाही खात्री नव्हती की हे जमेल.

मिल्क स्नेक आपल्याकडचा नाही. मध्य अमेरिकेतला. लाल अंगावर काळे पट्टे, आणि दोन काळ्यांच्या मध्ये एक पिवळसर पांढरा पट्टा. कुणीतरी बसून एकेक मणी ओवावा असा. विष नाही, आणि स्वभावाने जास्वंद तर इतकी शांत की हातात घेतली की बोटांमधून वाट काढत नुसती फिरत राहते, थंड आणि कोरडी. नाव का पडलं त्याची गंमत आहे. तिकडच्या शेतकऱ्यांना हे साप गोठ्यात दिसायचे, म्हणून त्यांना वाटायचं, हे गाईचं दूध पितात. गोठ्यात ते उंदरांसाठी यायचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आईंनी मला विचारलेलं, "दूध किती लागतं गं यांना?" मी म्हटलं, "कुठलाच साप दूध पीत नाही, आई." त्या म्हणाल्या, "मग नाव कशाला ठेवलं तसं?" मी वरची गोष्ट सांगितली, तर त्यांना भारी आनंद झाला. जगात सगळीकडे माणसं सारखीच, म्हणाल्या.

मी ठाण्यात एका कॉलेजमध्ये प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. जोडी माझ्याकडे आली ती एका ओळखीच्या बाईंकडून, त्या परदेशी गेल्या तेव्हा. सापांची नोंदणी, कागद सगळं रीतसर केलेलं. नीलेशशी लग्न ठरलं तेव्हा मी त्याला आधीच सांगितलेलं, "माझ्याबरोबर अजून दोघं येतील." त्याने घरी सांगितलं. पप्पांनी फक्त एक प्रश्न विचारला, "खोलीचं दार बंद राहील ना?"

राहील, असं मी कबूल केलं आणि ते पाळलं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी पप्पा त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा आले नव्हते. बाहेरून जाताना पावलं जरा भरभर उचलायचे. मला वाटायचं, वयस्कर माणूस, भीती असते. खरं कारण आईंनी सांगितलं, एकदा मेथी निवडताना. महाडजवळच्या गावी पप्पा नऊ वर्षांचे असताना त्यांचा मोठा भाऊ वसंता त्यांच्याच शेजारी जमिनीवर झोपलेला. सकाळी उठलाच नाही. अंथरुणाखाली मण्यार सापडली, काळी, अंगावर पांढरे पट्टे. "तेव्हापासून पट्ट्याचा शर्टसुद्धा घालत नाहीत," आई म्हणाल्या. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. मी या माणसाच्या घरात दोन पट्टेवाले साप घेऊन आलेले, आणि त्याने फक्त दार बंद ठेव म्हटलेलं.

मी त्या दिवशी नीलेशला म्हटलं, देऊन टाकते कुणालातरी. त्याने पप्पांना विचारलं. पप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "शब्द दिलाय आपण तिला."

साप एकत्र ठेवले की पिल्लं होतात असं नसतं, हे मी ठेच खाऊन शिकले. यांना आधी हिवाळा लागतो. दोन-अडीच महिने थंडीत, अंधारात, उपाशी पडून राहिल्यावर त्यांच्या शरीराला कळतं की एक वर्ष संपलं, आता पुढचं सुरू करायचं. तो गारवा मिळाला नाही तर नराचं बीज नीट तयार होत नाही, मादीचा ऋतू चुकतो. त्या पहिल्या हिवाळ्याच्या आदल्या वर्षी मी थंडी न देता त्यांना एकत्र सोडलेलं. जास्वंदीने अकरा अंडी घातली. अकराच्या अकरा पिवळी, कडक, मेणाच्या गोळ्यांसारखी. आत काहीच नव्हतं. मी ती पेपरात गुंडाळून उचलली तेव्हा ती पेटीच्या कोपऱ्यात वेटोळं करून पडलेली, पोट खपाटीला गेलेलं, पाठीचा कणा वर आलेला. एवढं सगळं तिने कशासाठी केलं? ते माझ्या चुकीसाठी. ती तेव्हा आठ वर्षांची होती. अजून दोन-तीन वर्षं फार तर, मग तिचं वय गेलं असतं.

म्हणून त्या हिवाळ्यात मी ठरवलं, थंडी द्यायचीच. दिवाळीनंतर त्यांना भरपूर खायला घातलं, मग तीन आठवडे खाणं बंद. हे फार महत्त्वाचं. पोटात घास असताना थंडी दिली तर तो पचत नाही, आतल्या आत सडतो आणि साप मरतो. तीन आठवड्यांनी दोघं रिकामे झाले आणि मी थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या बाटल्या ठेवायला सुरुवात केली. कॉलेजला जायच्या आधी चार बाटल्या, आल्यावर चार. मध्ये आईंना विनवून दुपारी दोन, त्याही दाराला लागून ठेवलेल्या खोक्यात, म्हणजे त्यांना आत जावं लागू नये. आत तापमान चौदा डिग्री व्हायचं, दुपारी बावीस. चौदा, बावीस, चौदा, बावीस. ना धड झोप, ना जाग. पट्टू खोक्याला नाक घासत फिरायचा.

आई सहा डिसेंबरला दादरला जाऊन आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी बाटल्या घेऊन स्वयंपाकघरातून खोलीकडे चाललेले, हातावरून पाणी ठिबकतंय, आणि सोफ्यावर बसलेले पप्पा एकदम म्हणाले, "बर्फाने थंडी होत नाही. हेलकावे होतात."

त्यांचा आवाज इतका चिडका होता की मी थांबले.

"किती पाहिजे तुला?"

"तेरा डिग्री."

"तेरा म्हणजे तेराच? की इकडेतिकडे चालेल?"

"एक डिग्री फार तर."

पप्पा हसले. गुडघ्यामुळे डोंबिवलीचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून ते हसलेले मी पाहिले नव्हते. "अगं, तेरा डिग्री म्हणजे केळी," ते म्हणाले. "दुकानाच्या आधी कल्याणला कोल्ड स्टोरेजमध्ये अठरा वर्षं केळी सांभाळली मी. तेराच्या खाली गेली की काळी पडतात, वर गेली की पिकतात. अठरा वर्षांत एक लॉट काळा पडू दिला नाही. आणि माझ्या घरात सूनबाई बाटल्या नाचवतेय!"

त्यांना सापांचं काही नव्हतं. त्यांना त्या हेलकाव्यांचा राग आलेला. पण मला तेवढं पुरेसं होतं.

रविवारी आम्ही दोघं रिक्षा करून शीळफाट्याला गेलो. तिकडे रस्त्याकडेला जुन्या सामानाची दुकानं आहेत. बंद पडलेल्या हॉटेलांच्या खुर्च्या, काउंटर, शटर सगळं उन्हात पडलेलं असतं. पप्पा गुडघा धरून चालत होते, पण फ्रिजांच्या रांगेपाशी आल्यावर त्यांची चाल बदलली. दारांचे रबर बोटाने दाबून बघायचे, मागे वाकून कॉम्प्रेसरला कान लावायचे, वास घ्यायचे. शेवटी एका उंच, काचेच्या दाराच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या फ्रिजवर त्यांनी थाप मारली. "हा. याचा जीव शाबूत आहे."

टेम्पोतून तो घरी आला तेव्हा सगळ्या बिल्डिंगने विचारलं, दुकान टाकताय का? पप्पा म्हणाले, "हो, थंडीचं."

पुढचे चार दिवस हॉलमध्ये पसारा. जुन्या कोल्ड्रिंकचा गोड, चिकट वास, सोल्डरिंगचा धूर, स्क्रूंच्या वाट्या. पप्पांनी मूळचा थर्मोस्टॅट काढून टाकला आणि डिजिटल कंट्रोलर बसवला, आत एक छोटा पंखा लावला म्हणजे वर-खाली सगळीकडे सारखी थंडी राहील, काचेला आतून काळा कागद. मग रिकामा फ्रिज दोन दिवस नुसता चालवला, आत वेगवेगळ्या कप्प्यांत चार थर्मामीटर. दर तासाला उठून बघायचे. आई म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात एवढ्या फेऱ्या मारल्या नव्हत्या." चारही थर्मामीटरवर तेरा आलं तेव्हा त्यांनी मला कॉलेजमध्ये फोन केला. "आण तुझी केळी," म्हणाले.

मी दोघांना कोरड्या भुशाच्या वेगवेगळ्या डब्यांत घातलं, पाण्याची वाटी ठेवली. रोज थोडं थोडं करत आठवड्याभरात तापमान तेरावर आणलं. पप्पा त्या वेळी हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभे राहायचे. फ्रिज हॉलमध्येच होता, कारण माझ्या खोलीत तो मावला नव्हता. म्हणजे त्यांनीच आणलेल्या फ्रिजमुळे साप आता त्यांच्या टीव्हीशेजारी येऊन राहिले होते. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा क्षणभर चेहरा बदलला. मग त्यांनी फ्रिजला कुलूप लावायची कडी ठोकली आणि खाली बसले.

काय दिवस होते ते! ऐकणाऱ्याला वाटेल, झोपलेल्या सापांत बघण्यासारखं काय असतं. पण मी कॉलेजमधून धावत घरी यायचे. बाहेर संक्रांतीचे पतंग, हळदीकुंकवाचे माईक, पत्र्यावर तापलेलं ऊन. आणि आमच्या हॉलमध्ये एका काळ्या काचेमागे खरा हिवाळा, आपल्या गावात कधी न पडणारा. मी दर पंधरवड्याला दोघांचं वजन करायचे. पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे, बस. मी आकडा मोठ्याने वाचला की पप्पा लांबूनच म्हणायचे, "लॉट चांगला आहे."

आणि मग जानेवारीच्या शेवटी एका दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना फोन वाजला. पप्पा कधीच त्या वेळी फोन करत नाहीत.

"प्रज्ञा, कॉम्प्रेसर थांबतच नाहीये."

"म्हणजे?"

"मी झोपलेलो. आवाज ऐकून उठलो. रिलेचा पॉइंट चिकटलाय, म्हणून तो बंद होईना. मी स्विच बंद केलाय, पण आत चार दाखवतंय. चार!"

चार डिग्रीला हे साप फार तर थोडा वेळ तग धरतात. "पप्पा, दार उघडा. डबे दिसतात का?"

"दिसतात. एका डब्यात पाणी सांडलंय. वरून थेंब गळलेत. भुसा सगळा ओला आहे."

"कुणाचा? लाल झाकण की निळं?"

"लाल."

जास्वंद. ओला भुसा आणि चार डिग्री. वर्तकनगरला पोचायला मला रिक्षा मिळून चाळीस मिनिटं तरी लागली असती. फोनवर फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"सांग काय करू," पप्पा म्हणाले.

"ती ओल्यात राहता कामा नये. पण पप्पा, तुम्ही नका. मी निघते. आई..."

"आई खाटेवर चढून बसलीय. सांग काय करू."

मग मी सांगितलं. आईंनी खाटेवरूनच व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर त्यांचा अंगठा, त्याच्या बाजूने पप्पा आणि डबा. त्यांनी झाकण काढलं. जास्वंद ओल्या भुशात सैल पडलेली, नेहमीसारखं वेटोळं नाही. पप्पांचे दोन्ही हात डब्याच्या वर येऊन थांबले. प्रयोगशाळेत माझ्यामागे सगळी पोरं येऊन उभी राहिली होती.

"खालून उचला," मी म्हटलं. "दाबू नका. पोटाखाली हात, पप्पा. ती काही करणार नाही."

"हे मला माहितेय," ते म्हणाले. आवाज अगदी लहान आला. "हे सगळं मला माहितेय गं."

आणि त्यांनी हात आत घातले. ती वर आली, दोन्ही हातांवर लोंबत, ओली, लाल. पप्पांनी डोळे मिटलेले. तसेच उभे राहिले ते. मग एकदम त्यांनी डोळे उघडले आणि ओरडले, "जीभ! जीभ काढली तिने! अगं बघ, बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. मला स्क्रीनवर काही दिसतच नव्हतं, डोळे भरलेले. मी नुसती हो, हो म्हणत होते.

मी घरी पोचले तेव्हा ती कोरड्या टर्किश टॉवेलमध्ये होती आणि पप्पा जमिनीवर फ्रिजच्या मागे बसून नवीन रिले जोडत होते. शर्ट घामाने भिजलेला. मी त्यांच्याजवळ बसले. स्क्रू आवळता आवळता ते म्हणाले, "मला वाटायचं साप चिकट असेल." मग पकड मागितली. त्या दिवसापासून फ्रिजला दोन कंट्रोलर आहेत. एक बिघडला तर दुसरा कॉम्प्रेसर बंद करतो.

फेब्रुवारीच्या मध्यावर आम्ही हळूहळू त्यांना उठवलं. तेरा, सोळा, वीस, मग खोलीतली ऊब. जास्वंद अशी जेवायला लागली की बघत राहावं. आधी छोटे उंदीर, मग मोठे, दर चार-पाच दिवसांनी. अंग भरून आलं. मग एके सकाळी तिचे डोळे निळसर, दुधी झाले, रंग फिका पडला, आणि आठवड्याने तिने कात टाकली. डोळ्यांच्या खवल्यांसकट अख्खी, कुठेही न फाटलेली. हीच ती वेळ. उन्हाळ्यातली पहिली कात टाकली की मादीच्या अंगाला जो वास येतो त्याची नर वाट बघत असतो.

पण यात एक धोका असतो. हे साप दुसरे साप खातात. भुकेला असेल तर एकजण दुसऱ्याला गिळायला कमी करत नाही. म्हणून आम्ही दोघांना आधी पोटभर जेवू घातलं, दोन दिवस थांबलो आणि रविवारी सकाळी पट्टूला तिच्या पेटीत सोडलं. मी एका बाजूला साप उचलायचा आकडा घेऊन, पप्पा दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली घेऊन. गडबड झाली तर तोंडावर पाणी मारायला. पट्टू दोन क्षण निश्चल राहिला. मग त्याच्या सगळ्या अंगातून झटके गेले, शेपटीपासून डोक्यापर्यंत, आणि तो तिच्या पाठीवरून भरभर पुढे सरकू लागला, लाल लालवर, पट्टे पट्ट्यांवर, कुणाचं कुठलं ते कळेना. त्याने तिची मान तोंडात धरली. पप्पांनी बाटली उचलली.

"नको," मी म्हटलं, "हे खाणं नाही."

पप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पेटीकडे, आणि मग ते वळून खिडकीबाहेर बघू लागले. "झालं की सांग," म्हणाले. मला हसू आवरेना. तासभर ते खिडकीशीच उभे, आणि मध्येमध्ये विचारायचे, "सगळं बरं आहे ना?"

एप्रिलच्या शेवटी, ओल्या शेवाळाच्या डब्यात तिने नऊ अंडी घातली. सात पांढरीशुभ्र, एकमेकांना चिकटलेली, हाताला मऊ चामड्यासारखी, दोन पिवळी. मी टॉर्च लावून बघितलं तर सातांच्या आत बारीक लाल शिरा. पप्पांना बोलावलं. अंधाऱ्या खोलीत मी एकेका अंड्यामागे टॉर्च धरत गेले आणि ते मोजत गेले, दर आकड्याला आवाज चढत. ठाण्यात मे महिन्यात घरात चौतीस-पस्तीस होतं आणि अंड्यांना ते सोसत नाही, त्यांना सत्तावीस लागतं. फ्रिज पुन्हा कामाला लागला. अंडी हलवायची, उलटायची नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर मी पेन्सिलने ठिपका काढला. पाचव्या आठवड्यात एक खचलं, बुरशी आली. सहा राहिली. त्या दिवशी पप्पा जेवले नाहीत नीट.

जून संपता संपता एका अंड्यावर सुरीने मारल्यासारखी बारीक चीर दिसली. दुपारी त्या चिरेतून शेंगदाण्याएवढं डोकं बाहेर आलं, आमच्याकडे बघितलं, आणि आत गेलं. पप्पांनी खुर्ची आणली. मी रजा टाकली. तो आख्खा दिवस ते डोकं बाहेर यायचं, हवा चाखायचं, आत जायचं. दुसऱ्या दिवशीही तेच. "याला घाई नाही," पप्पा म्हणाले. आम्ही पाळीपाळीने चहा प्यायलो, पाळीपाळीने आंघोळी केल्या. शेवटी दीड वाजता आई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पाच मिनिटं येऊन जेवून घ्या दोघं, तो काय पळून जातोय का!" आम्ही गेलो. मी भात कालवला, पप्पांनी दोन घास खाल्ले, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी हात न धुताच उठून गेले.

अंडं रिकामं होतं. बाजूला ओलं, चकाकणारं, पेन्सिलीपेक्षा बारीक पिल्लू; लाल असं की आईबाप त्याच्यापुढे फिके. पट्टे सगळे जागच्या जागी. ते मान उचलून उभं होतं आणि माझ्या दिशेने शेपटी थरथरवून मला घाबरवायचा प्रयत्न करत होतं.

"पप्पा!"

ते लंगडत धावत आले, उष्टा हात वर धरून. बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे आपण भात कालवत होतो," ते म्हणाले, "आणि हा जन्माला आला."

तेवढ्यात शेजारच्या अंड्यावर चीर पडली.

पप्पांनी खुर्ची पुढे ओढली आणि बसले. "आता मी इथून उठत नाही," म्हणाले. थोड्या वेळाने आईंनी त्यांचं ताट तिथेच आणून दिलं, आणि मग परत जाऊन स्वतःचंही घेऊन आल्या.